भावोजी चालवतात तेव्हाच

“गिअरबॉक्स गेला,” गॅरेजच्या दारात उभं राहून भावोजी म्हणाले आणि मिस्त्रीच्या हातातला पाना होता तिथेच थांबला.

“कोण म्हणतं?”

“कंपनीचे लोक. मशीन लावून सांगितलं त्यांनी. पाच वाजता गाडी त्यांच्याकडे सोडायची, आठ दिवसांत नवा बसवून देतात. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं.”

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं गिअरबॉक्स उघडण्यात गेलेला सख्खा मेहुणा गावात असताना हा माणूस कंपनीकडे जातो! दुसरं कुणी असतं तर मिस्त्रीने त्याला गाडीसकट रस्त्यावर काढलं असतं. पण हे ताईचे यजमान. भूमितीचे निवृत्त शिक्षक, वर्गातसुद्धा कधी आवाज न चढवलेले. त्यांच्यावर ओरडायचं म्हणजे ताईशी गाठ. म्हणून मिस्त्रीने पाना पेटीत असा आदळला की समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली.

“उघडून पाहिला का त्यांनी?”

“नाही. मशीनवर बिघाडाचा कोड आला ना.”

“कोड म्हणजे नुसता पत्ता, भावोजी! घरात कोण आजारी आहे ते पत्त्यावरून कळतं का? आणि आठ दिवस गाडी नसेल तर ताई उद्या जाणार कशी?”

हा प्रश्न खरा होता. भाचीचे दिवस भरत आले होते आणि उद्या सकाळी तिच्याकडे चार तासांचा रस्ता तुडवायचा होता.

मिस्त्रीने गाडीचं दार उघडलं. सीट ढकलून पार मागे सरकवली, आत वाकला आणि आपलं मशीन जोडलं. कोड तोच होता. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी एका वेगात आली की त्याच्या आतला क्लच लागतो आणि इंजिनाचे फेरे कमी होतात. तो क्लच लावणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला, वीज नीट पोचत नव्हती, एवढंच कोड सांगत होता. न पोचायला गिअरबॉक्सच जायला हवा, असं कुणी सांगितलं?

मिस्त्रीने सोलेनॉइड मोजला. चोख. वायर मोजली. चोख. वीज बघितली, तीही पोचत होती. कोड पुसून तो एकटाच मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आला. क्लच असा लागत होता की लोण्यात सुरी.

“काही झालेलं नाही. घेऊन जा,” त्याने किल्ली भावोजींच्या हातात कोंबली.

भावोजी गेले आणि वीस मिनिटांत परत आले. स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा जळत होता.

“क्लच लागला होता रे, मग सुटला. इंजिन नुसतं बोंबलायला लागलं.”

मिस्त्रीने पुन्हा सीट मागे ढकलली, कोड पुसला आणि भावोजींना शेजारी बसवून स्वतः चालवली. अर्धा तास. काही नाही. मग भावोजींना चालवायला दिली. पाचव्या मिनिटाला दिवा!

“तुम्ही करता काय नक्की?” मिस्त्रीचा आवाज आता आवरत नव्हता.

“मी गाडी चालवतो.”

“डावा पाय कुठे असतो तुमचा? ब्रेकवर असणार! ब्रेकला पाय लागला की क्लच सुटतो!”

“बत्तीस वर्षं चालवतोय मी. माझा पाय ब्रेकवर नसतो.”

“मग घ्या वर!”

“काय?”

“डावा पाय वर घ्या. सीटवर. मांडी घाला.”

पायामुळे असला कोड येत नाही, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या रागाला ठाऊक नव्हतं. सदुसष्ट वर्षांचे भावोजी अर्धी मांडी घालून गाडी चालवू लागले. सिग्नलला शेजारच्या बसमधले सगळे खिडकीशी गोळा झाले. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला आणि दिवा लागला.

भावोजींनी गाडी कडेला घेतली. पाय खाली सोडला, मुंग्या जाईपर्यंत थांबले, उतरले आणि घराच्या दिशेने चालू लागले.

मिस्त्री गाडी घेऊन परतला, ती गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली आणि स्वतः खाली उतरला. साडेचार वाजले होते. किल्ली चालू ठेवून त्याने गिअरबॉक्सच्या जोडणीशी टेस्टचा दिवा लावला. दिवा पेटला. म्हणजे वीज पोचत होती. मिस्त्री त्या पेटलेल्या दिव्यालाही शिव्या देत बसला.

एवढ्यात वर चपलांचा आवाज आला.

“तू यांना भर रस्त्यात मांडी घालायला लावलीस?” ताई होती. भावोजी मागे.

“ताई, तू मध्ये पडू नकोस.”

“मध्ये? माझा नवरा आहे तो! दे ती गाडी, मीच नेते कंपनीकडे.” दार उघडल्याचा आवाज झाला. ताई आत बसली. “आणि ही सीट कुणी नेली एवढी मागे? पाय तरी पोचतो का?”

खर्र करून सीट पुढे सरकली आणि मिस्त्रीच्या हातातला दिवा विझला.

“किल्ली कुणी बंद केली?” तो खालून गरजला.

“कुणी हात लावला नाही!”

“मग काय केलंस?”

“सीट पुढे घेतली. आता त्यालाही तुझी परवानगी लागते?”

“मागे घे.”

“माझ्यावर ओरडू नकोस!”

“ताई, पाया पडतो, मागे घे!”

सीट मागे गेली. दिवा पेटला. पुढे आली. विझला.

मिस्त्री शिडी न धरताच खड्ड्यातून वर आला. ताईला उतरवून त्याने सीटखाली डोकं घातलं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर तिथेच होता आणि त्यातून निघालेली वायर सीट सरकते त्या पट्टीत चेमटली होती. बुटके भावोजी सीट पुढे ओढून बसत, वायर तुटे. उंच मिस्त्री सीट मागे ढकले, वायर जुळे.

सापडलं! दिवसभर अडवून धरलेला राग आता हक्काने बाहेर पडला. “सीट काढून परत बसवताना वायर बघायची नाही? कुठल्या गाढवाचं काम हे? असल्या माणसाच्या हातात पाना देणं म्हणजे पाप! कोण तो? नाव सांगा मला, भावोजी!”

भावोजी थोडे घुटमळले. “सीट कुरकुरत होती म्हणून मागच्या महिन्यात काढली होती. तूच.”

मिस्त्रीने पुन्हा सीटखाली डोकावून पाहिलं.

“मग सांगायचं नाही का तेव्हाच?” मिस्त्री कसाबसा म्हणाला.

“सांगणार होतो. सीट बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला होता. पण तू चिडशील म्हणून...” भावोजी थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. “तू चिडशील म्हणून मी कंपनीकडे गेलो! तू चिडशील म्हणून मांडी घातली! बसमधली माणसं फोटो काढत होती माझे! पस्तीस वर्षं पोरं शिकवली, एकाला कधी ‘गाढव’ म्हटलं नाही, आणि तू...!”

समोरचा दुकानदार पुन्हा बाहेर आला. ताई दाराला टेकून उभी राहिली आणि नवऱ्याकडे नव्यानेच बघू लागली. मिस्त्री खाली मान घालून वायर सोलत होता, जोडत होता, वर चिकटपट्टी गुंडाळत होता, सीटपासून दूर नेऊन बांधत होता. भावोजी बोलतच होते.

“...आणि वर मलाच विचारतोस, पाय कुठे असतो! तुझा तो कार्बोरेटर चेमटलाय सीटखाली, आणि खापर माझ्या पायावर?”

मिस्त्रीचं डोकं झटकन वर आलं. त्या गाडीत कार्बोरेटर नव्हताच, असता तरी तो सीटखाली नसता. त्याने तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“हो, भावोजी,” मिस्त्री म्हणाला. “कार्बोरेटरच होता.”