माळवदावरची भाकरी

दवंडीवाला गल्लीत शिरला की आमचे शेजारी रंगनाथराव टोपी चढवून उंबऱ्यात ताठ उभे राहत. हुकूम बसून ऐकायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. निजामाच्या काळात तहसिलीत पेशकारी केलेली. निजाम गेला, हुकूम मुंबईहून येऊ लागले, राव मात्र तसेच उभे. ‘हुकमाची तामील झाली पायजे,’ हे त्यांचं पालुपद.

त्या वर्षी वानरांनी सगळ्या कळंब गावाची वाळवणं पळवली. पालिकेनं दवंडी पिटवली, वस्तीत वानरांना कुणी खायला घालायचं नाही. ती ऐकून राव बायकोकडं, आमच्या काकूंकडं वळले, ‘ऐकलंस का?’

काकू रोज दुपारी जिना चढून घरावरच्या माळवदावर भाकरी ठेवत. एक थोटी वानरीण ती न्यायला यायची.

‘अहो, लेकुरवाळी आहे ती. तिला दवंडी काय कळती?’

‘तिला न्हाय, आपल्याला कळती,’ म्हणत रावांनी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला अडकवली. वानरीण येऊन वर धपधप करायची, आणि खाली काकूंचा भाकरी थापणारा हात थांबायचा.

त्याच हिवाळ्यात काकू तापानं गेल्या.

दहाव्याला मांजरा नदीच्या काठी रावांनी पिंड ठेवला. कावळा शिवेना. ऊन चढलं. मेहुण्यांनी काकूंच्या लेकीच्या लग्नाचा शब्द दिला. कुणी तुळजापूरची ओटी कबूल केली. मीसुद्धा काकूंकडून आणलेली परात परत करीन म्हणालो. झाडावरचे कावळे ढिम्म.

राव पांढरेफटक पडले होते. हात जानव्याच्या किल्लीवर गेला.

‘उद्यापासून तिला भाकरी ठेवतो,’ ते पिंडाकडं बघत म्हणाले. ‘हुकूम मोडून ठेवतो. आता अडू नकोस, जा.’

कावळा उतरला. मला हायसं वाटलं, पण रावांकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी रावांनी स्वतः थापलेली, करपलेली भाकरी वर नेली. सुतक फिटल्यावर टोपी घालून पालिकेत गेले आणि रंगनाथराव नामक इसमाविरुद्ध लेखी तक्रार देऊन आले. मग हे रोजचंच झालं. रोज भाकरी, रोज तक्रार. एकदा मी बरोबर होतो. कारकून वैतागून म्हणाला, ‘राव, बसा जरा. त्यापरीस भाकरीच बंद करा की.’

‘कसं जमंल?’ राव म्हणाले. ‘तो हुकूम आमच्या हिचा आहे.’

कारकुनानं खुर्ची पुढं सरकवली होती. राव उभेच राहिले.