ताईचं सूनमुख आणि कंपनीचा आरसा

आईशपथ सांगतो, माझ्या ताईचं प्रतिबिंब लग्नाच्या तोंडावर एका कंपनीकडे अडकून पडलं होतं, आणि ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. शंभर म्हणजे, काही भाग मी दाराआडून ऐकलाय आणि जिथे आठवत नव्हतं तिथे अंदाजाने भरलंय. पण आरशाचं जे आहे त्यात मी काही घातलेलं नाही. फार नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरात बाबांनी बाथरूममध्ये कंपनीचा आरसा बसवून घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाव घेतलं की त्यांना कळतं. आरसा भारी होता, हे मान्य करायला पाहिजे. डोळ्यांखालचं काळं दिसायचं नाही. सकाळी उठल्याउठल्या माणूस झोप झालेला दिसायचा. बाबांना तर त्यात केस होते. बसवायला आलेल्या माणसाने आम्हाला एकेक करून समोर उभं केलं आणि म्हणाला, "सहमत आहे, असं तीनदा म्हणा." आम्ही म्हटलं. कशाला सहमत, ते कोणी विचारतं का? तू कधी विचारलंयस?

तेव्हापासून आम्ही चौघं फक्त कंपनीच्या आरशात दिसायला लागलो. रिक्षाच्या आरशात, स्टीलच्या ताटात, दुकानाच्या काचेत, कुठेच नाही. तशी काही अडचण नव्हती. माणूस दिवसातून ताटात बघतो किती? बाबा म्हणायचे, "डोक्याला ताप नाही. समोर उभं राहायचं, बरं दिसायचं, बाहेर पडायचं."

मग वृंदाताईचं लग्न ठरलं. मुलगा फलटणचा, पराग जगदाळे. चांगला आहे, विनोद वाईट करतो, पण सतत करतो. बस्ता बांधायला गेलो तेव्हा ताईने हिरवा शालू अंगाला लावून दुकानाच्या आरशात पाहिलं. आरशात शालू होता. निऱ्या बरोबर पडल्या होत्या, पदर खांद्यावरून खाली आला होता, फक्त खांदा नव्हता.

दुकानदाराने मान वर पण केली नाही. "कंपनीचा आरसा का घरी?" म्हणाला.

"हो," आई म्हणाली.

"मग रंग कसा दिसतोय ते तुम्हीच सांगा ताईंना. आमच्या आरशाला नका विचारू. रोज येतात असे."

आईने शालू पाहिलाच नाही. ती गादीवर बसली आणि म्हणाली, "वृंदे, सूनमुखाचं काय करायचं गं?"

सूनमुख म्हणजे लग्नात सासू आरशात नव्या सुनेचं तोंड बघते, साखर भरवते, तो कार्यक्रम. बाकीच्यांकडे फोटोपुरता असतो. जगदाळ्यांकडे तसं नाही. त्यांचा घरचा आरसा आहे, चांदीच्या चौकटीचा, आणि सून त्याच आरशात दिसावी लागते. परागच्या आई, उषाकाकू, बैठकीतच म्हणाल्या होत्या, "मुख दिसल्याशिवाय आमच्यात पोरगी उंबरा ओलांडत नाही. माझ्या होणाऱ्या चुलतजावेचं दिसलं नव्हतं. तिला मांडवातूनच परत नेली." आम्ही हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

घरी आल्यावर ताईने कंपनीला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, म्हणून हे मी दाराआडून नाही, समोर बसून ऐकलंय.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"मला माझं प्रतिबिंब परत पाहिजे."

"मॅडम, प्रतिबिंब आपलंच आहे."

"मग द्या ना."

"आपलंच आहे, फक्त राहायला आमच्याकडे आहे."

"एका दिवसासाठी तरी सोडा हो. माझं लग्न आहे."

"मनापासून अभिनंदन, मॅडम. बाहेरच्या आरशात पाठवायची सोय सध्या नाही."

"मग हाच आरसा काढून कार्यालयात नेते."

"भिंतीवरून काढला की वॉरंटी जाते. आतली माणसंही जातात. आपली इच्छा असेल तर खातं बंद करू शकता."

"बंद केलं की ते माझ्याकडे येईल?"

"नाही मॅडम, पुसलं जाईल. पण लगेच नाही. आधी काही दिवस ते आरशात उभं राहून आपली वाट बघतं, आपला विचार बदलला तर म्हणून. बरेच ग्राहक ते बघून खातं चालू ठेवतात."

ताईने बाथरूमकडे पाहिलं. दार उघडं होतं. आरशात ताई उभी होती आणि फोनकडे कान करून ऐकत होती. ताई तर सोफ्यावर माझ्या शेजारी होती. आईने उठून दार लावून घेतलं आणि कुकर लावायला गेली.

माझा कॉलेजचा मित्र धैर्यशील 'मोकळा आरसा' नावाचं काहीतरी करतो, हे मला माहीत होतं. हा माणूस फोनची मागची बाजू स्क्रू काढून उघडीच ठेवतो. त्याला घरी बोलावलं. आल्याआल्या तो आणि बाबा भिडले.

"काका, ज्या आरशाची मागची बाजू उघडता येत नाही, तो आरसा तुमचा नाही."

"अरे पण मला मागची बाजू बघायचीच नाहीये. मला पुढून नीट दिसलं पाहिजे."

"त्यात दिसतोय तो माणूस तुम्ही नाही."

"नसू दे. बरा आहे ना?"

"उद्या त्यांनी तुमचे केस काढून घेतले तर?"

बाबांनी टकलावरून हात फिरवला. हा विचार त्यांनी केला नव्हता. मग म्हणाले, "तुझ्या त्या मोकळ्या आरशात काय मिळतं?"

"काका, मिळत काही नाही. करून घ्यावं लागतं."

धैर्यशीलची मंडळी रविवारी सकाळी एका शिकवणीच्या वर्गात जमतात. त्यांची पद्धत अशी की आपल्या प्रतिबिंबातला जो भाग आपल्याला लागत नाही तो सगळ्यांसाठी ठेवून द्यायचा. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारून परत ठेवावा. मिरजेच्या एका निवृत्त ग्रंथपालांनी हनुवटी ठेवली होती. आता त्यांना आरशात ओठांखाली एकदम कॉलर दिसते, पण ते खूश होते. कराडच्या दोन बहिणींनी मिळून एक कपाळ दिलं होतं. नाकावरून मात्र मंडळींत दोन गट पडले होते. एका गटाचं म्हणणं, नाक आधी सरळ पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, आधी श्वास घेतलेला दिसला पाहिजे. ते एकमेकांशी बोलत नव्हते, वर्गाच्या दोन टोकांना बसून ताईला दोन नाकं दाखवत होते.

"हे लावायचं कसं, त्याची माहिती कुठे लिहिलीय का?" ताईने विचारलं.

"नाही. तुम्ही लिहा ना," ग्रंथपाल आनंदाने म्हणाले.

ताईने श्वास घेणारं नाक निवडलं. ओठ मिळाले, गाल मिळाले. डोळे मात्र कोणी ठेवले नव्हते. आरशात डोळ्यांच्या जागी कोरी कातडी बघायची तयारी कोणाचीच नव्हती.

धैर्यशील म्हणाला, "जगदाळ्यांचा आरसा आणून दे. कमी पडलं तर तो स्वतःच शोधेल."

"कुठून शोधेल?"

"स्वतःमधून. जुना आहे ना? काहीतरी असेलच."

आरसा आणायचं काम माझ्याकडे आलं. मी फलटणला गेलो आणि उषाकाकूंना म्हणालो, "सूनमुखाचा आरसा मुलीकडून उजळून आणायची आमच्यात पद्धत आहे." लग्नघरात पद्धत आहे म्हटलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. उलट काकू त्यांच्या नणंदेला म्हणाल्या, "बघा, तुम्ही म्हणत होतात माणसं कशी असतील."

शिकवणीच्या वर्गात आरसा फळ्याला टेकवून ठेवला. धैर्यशीलने मागची चौकट उघडली आणि बराच वेळ काहीतरी करत बसला. मंडळी डबे उघडून पोहे खात होती. मग आरशात एक चेहरा आला. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. डोळे मिटलेले. ताई पुढे झाली. तिने मान डावीकडे केली, चेहऱ्यानेही केली. कोणीतरी टाळी वाजवली.

तेवढ्यात चेहऱ्याने डोळे उघडले. आधी ताईकडे पाहिलं, मग तिच्या मागे बसलेल्या एकेकाकडे. मंडळींनी डबे बंद केले.

"ही मी नाहीये," ताई म्हणाली.

"तूच आहेस, फक्त तुला पाहिजे ते बदलता येतं," धैर्यशील म्हणाला.

"मग डोळे बदल."

त्याने चौकटीत पुन्हा हात घातला आणि बाहेर काढला. "डोळे आरशाचे आहेत. ते मला उघडता येत नाहीत."

लग्न जवळ आलं होतं. ताईने तो आरसा स्वतःच्या ओढणीत गुंडाळला आणि म्हणाली, "दिसतेय ना? बास. मला मांडवातून परत यायचं नाहीये."

लग्नाच्या दिवशी उषाकाकू सकाळपासून चुका काढत होत्या. फेटे ढिले, जिलबी गार, भटजी तरुण. सूनमुखाला त्या पाटावर बसल्या, शेजारी ताईला बसवलं, परागच्या मामीने समोर आरसा धरला. काकूंच्या चिमटीत साखर होती. मी आईच्या मागे उभा होतो. आईने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहे. आता नसेल, पण होता.

काकूंनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चिमटीतली साखर मांडीवर सांडली. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, जसा नव्या सुना ओढतात, आणि हळूच म्हणाल्या, "थोरल्या बाई? कधी आलात?"

थोरल्या बाई म्हणजे काकूंच्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंचं सूनमुख त्यांनीच पाहिलं होतं, याच आरशात.

ताई खाली बघत होती. आरशातली खाली बघत नव्हती. मोकळ्या आरशाला आवाज नसतो, त्यामुळे ती काय म्हणाली ते कोणाला कळलं नाही. पण उषाकाकूंनी पाठ ताठ केली, बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "हो. हो, करते."

"मुख दिसलं का?" भटजींनी विचारलं.

"दिसलं."

"मग साखर घाला, पुढचं उरकू."

काकूंनी नवी चिमूट घेऊन ताईला साखर घातली. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, परत एकदा, हसून." काकू काही हसल्या नाहीत. ताईने उंबरा ओलांडला. लग्न झालं.

तसं सगळं नीट चाललंय. ताईला सासरी कोणी काही बोलत नाही. तो आरसा आता तिच्या खोलीत असतो. उषाकाकू सकाळी डोक्यावर पदर घेऊन दारात येतात आणि आज भाजी कुठली करू ते आरशाला विचारून जातात. इकडे साताऱ्याला, ताई गेली तरी बाथरूमच्या आरशातली गेली नाही. बाबांना खातं बंद करवत नाही. आई तिला सकाळी विचारते, "चहा झाला का गं?" ती मान हलवते. अगदी चांगली दिसते, झोप झालेली. बाबांनीही आता दाढी करताना दार उघडं ठेवायचं बंद केलंय, त्यांना तिच्याशी बोलायचं असतं.

अडचण एवढीच झालीय की गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. म्हणाली, "पराग विनोद करतो, मी हसते. आरशातली हसत नाही. नुसती बघते. मग पराग तिच्याकडे बघतो आणि गप्प होतो. म्हणून मी पण हसायचं सोडून दिलंय."

"अजिबात?"

"सवय झाली रे. आता येतच नाही."

माझी ताई, जी शोकसभेत हसली म्हणून बाहेर काढली होती, ती हे म्हणत होती.

मी धैर्यशीलला घेऊन फलटणला गेलो. त्याने आरसा पूर्ण धुंडाळला. थोरल्या बाई त्या आरशासमोर आयुष्यात कधी हसल्याच नाहीत. त्यामुळे हसणं त्यात कुठे नाहीच, सुधारणार काय? मंडळींकडेही कोणी ठेवलेलं नाही. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी द्यायला पाहिजे. मी माझं लगेच दिलं असतं, पण माझं कंपनीकडे आहे.

तर आता तू बघ. गोष्ट पूर्ण ऐकलीस, मध्ये उठला नाहीस, मघापासून तर पोट धरून हसत होतास. ही काही फुकट नव्हती. तुमच्याकडे सगळे साधे आरसे आहेत, मघाशी हात धुवायला गेलो तेव्हा बघून आलो. आणि तुझं हसणं चांगलं आहे, जरा मोठं आहे, पण ताईला चालेल.

त्रास काही नाही. तू हसशील, लोकांना दिसेल, सगळं पहिल्यासारखं. फक्त आरशात तेव्हा तुझं तोंड बंद दिसेल. सवय होते म्हणतात.

धैर्यशीलने दिलेली ही काच मी धरतो. सरळ माझ्याकडे नाही, काचेत बघ. हं, हस आता. तसं नको, मनापासून. माझी सख्खी बहीण आहे ती.