तेरा दिवसांचं दार

मंगळवारी सकाळी मी आणि इंदूने मिळून दार लावलं. ते शेवटचं. आमचं दार एकट्याला लागत नसे. दहिसरला नदीजवळची बैठी चाळ, चौकट कललेली, दार खाली बसलेलं, लादीवर घासायचं. इंदू दोन्ही हातांनी दार वर उचलून धरायची, मी कडी घालायचो.

"उचल गं."

"उचललंय हो, तुम्ही घाला लवकर. हात दुखतात."

कुलूप लावून मासे आणायला गेलो. बाजारात तिच्या छातीत कळ आली. परत आलो तो मी एकटा.

पण मला सांगायचंय ते सहदेवचं. सहदेव आमच्या समोरच्या खोलीत राहतो. गिरणीत सुतार होता, संपात नोकरी गेली. लोक खिशाला पेन लावतात, हा स्क्रूड्रायव्हर लावतो. कुणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी दाराला भेटतो. तीनदा उघडतो, तीनदा लावतो, कान देऊन ऐकतो. मध्ये कुणी बोललं की, "गप रे, दार बोलतंय." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेला तिथे पोहे थंड होईपर्यंत बिजागऱ्या तपासत बसला. मुलगी कशी वाटली विचारलं तर म्हणतो, "चौकट एकदम सरळ आहे. सुपारी फोडून टाका." लग्न झालं. संसार चांगला चाललाय, म्हणून हा अजून मिरवतो.

आमच्या दारावर त्याचा सहा वर्षं डोळा होता. इंदू हात लावू द्यायची नाही. "भावोजी, शेजारणीचं दार तासून तासून खिडकीएवढं केलंत. आम्ही दोघं आहोत लावायला."

ती गेली त्या संध्याकाळी सगळी चाळ येऊन बसली. मयताच्या घरून निघताना आपल्यात कुणी "येतो" म्हणत नाही. मुकाट उठायचं. सगळे मुकाट उठले. सहदेव उठला, दार तीनदा हलवलं आणि मोठ्याने म्हणाला, "पांडू, येतो रे उद्या. ह्याचं काहीतरी करायला पाहिजे."

बायका दचकल्या. एक म्हातारी ओरडली, "मेल्या, येतो काय म्हणतोस? अक्कल गिरणीत ठेवून आलास काय?"

"काम बाकी आहे, मग काय जातो म्हणू?"

दुसऱ्या दिवशी आला. एक स्क्रू काढला, उजेडात धरून बघितला, परत बसवला. "आज एवढंच. चहा कर."

"सुतक आहे रे."

"सुतक तुला आहे. चहाला नाय."

मी जन्मात स्टोव्ह पेटवला नव्हता. पहिला चहा त्याने मोरीत ओतला. पुढच्या दिवशी अर्धा कप प्यायला. पाचव्या दिवशी म्हणाला, "आता चहासारखा दिसतो तरी."

असं रोज. एक दिवस वरची बिजागरी, एक दिवस खालची. एक दिवस नुसताच उंबरठ्यावर बसून दाराकडे बघत राहिला. जाताना बाहेरून दार उचलून धरायचा, मी आतून कडी घालायचो. पलीकडून आवाज यायचा, "लागली? येतो रे."

मी एकदा बोललोच, "अख्ख्या चाळीची दारं एका रविवारी केलीस. इथे काय देऊळ बांधतोयस?"

"गप रे, दार बोलतंय."

लोकांनी डाळभात दिला, धीर दिला. उपकार आहेत. पण उद्या कुणीतरी येणार, हे मला एकट्या सहदेवने दिलं.

तेराव्याला जेवणं झाली, पाहुणे गेले. सहदेवने चौकटीत एक पाचर ठोकली, स्क्रू आवळले. दार एका बोटाने लागलं. तीनदा उघडलं, तीनदा लावलं. बोललं नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशाला लावला आणि मुकाट निघून गेला.

मी कडी घातली. एकट्याने. पलीकडून काही आवाज आला नाही.

मग खिडकीतून बघितलं. सहदेव स्वतःच्या दारात उभा होता. त्याचं दार चाळीत सगळ्यात चांगलं. पण संपानंतर बायकापोरं गावी गेली ती तिकडचीच झाली. ते दार उघडतो तोच, लावतो तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्ह पेटवला. दोन कपांचं आधण ठेवलं. इंदूची भाजीची सुरी घेतली आणि वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले. दार बसलं खाली. मग गल्लीत ऐकू जाईल असा ओरडलो, "सहदेव! दार परत घासतंय रे!"

आला. स्क्रूवर सुरीचे ताजे ओरखडे होते. त्यावरून त्याने बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मोठं काम आहे, पांडू," म्हणाला. "रोज यावं लागेल."

मी चहा गाळला.