थोरली सून आणि मोहरीची पोटली

एका जंगलात रस्ता नव्हता, पण गाडी होती. ती मुंगसांच्या घरची होती. मोरपिशी रंगाची, डाव्या अंगाला जरा बसलेली आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी.

आप्पा मुंगूस रोज सकाळी आधी गाडी पुसत, मग स्वतःचं तोंड धूत. "ही गाडी नाही, आमची थोरली सून आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग घरात धाकटी सून आली. तिचं नाव शेवंती.

बाळांनो, मुंगूस दिसणं शुभ असतं हे तुम्हाला माहीतच आहे. अख्खं जंगल कामाला निघताना आधी एखादं मुंगूस दिसतंय का ते बघतं. हा नियम फक्त मुंगसांच्या घरात चालत नाही.

कारण शेवंती वरातीतून उतरली आणि त्या दिवसापासून थोरली सून चालू होईना. सेल्फ मारला की नुसतं खुर्र, खुर्र, खुर्र. पुढे काही नाही. 'निघालेच हं' म्हणत आरशासमोरून न हलणाऱ्या बाईसारखं.

"पायगुण," सासूबाई म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या. शेजारच्या वारुळापर्यंतच ऐकू गेलं.

शेवंतीचं माहेर सात टेकड्यांपलीकडे. तिची पाठवणी झाली त्याच संध्याकाळी तिच्या आईला तीन पिल्लं झाली होती. त्या जंगलात मुंगसांच्या पिल्लांचे डोळे सोळाव्या दिवशी उघडत. पहिलं तोंड जिचं दिसेल, ती त्यांची जन्माची ताई. मांडवपरतणीला त्याच दिवशी पोचवू, असा शब्द आप्पांनी दिला होता.

तो सोळावा दिवस आज होता.

"गाडी चालू झाली तर निघू," आप्पा म्हणाले. "नाही झाली तर दिवाळीला बघू."

डोळे काही दिवाळीपर्यंत थांबणार नव्हते.

भिकोबा अस्वलाला बोलावलं. भिकोबा गाड्यांचा जाणकार. त्याने बॉनेटला कान लावला आणि म्हणाला, "करंट येत नाही." चारही प्लग काढले, पोटाच्या केसांवर घासले, परत बसवले. खुर्र, खुर्र.

"मग पेट्रोल चढत नाही." नळी काढून तोंडाने ओढली, थुंकला. "चढतंय. चवही जुनीच आहे."

"मग कार्बोरेटरमध्ये कचरा." तो उघडला. आत कचरा नव्हता. त्याचं भिकोबाला फार वाईट वाटलं.

मग त्याने डोकं खाजवून एक खरोखर हुशारीचा प्रश्न विचारला. "आप्पा, गाडी शेवटची चालली कधी?"

"वरातीच्या दिवशी."

"त्या दिवशी घरात नवीन काय झालं?"

सगळ्यांनी वळून शेवंतीकडे पाहिलं.

बाळांनो, नव्या सुनेची मान खाली असते. त्यामुळे जे खाली असतं, ते तिला एकटीलाच दिसतं. त्या दिवशी ती दारात उभी असताना सासूबाईंनी आधी गाडीची दृष्ट काढली होती. काळ्या फडक्यात मीठ, मोहरी आणि मिरच्या बांधून पोटली गाडीच्या मागे लटकवली. ती लोंबत होती, बरी दिसेना. म्हणून अंगठ्याने दाबून सायलेन्सरच्या नळीत बसवली. छान घट्ट.

माहेरी धुराड्यात घरटं अडकलं की चूलही अशीच रुसायची, हे शेवंतीला ठाऊक होतं.

"आई, मागे ती पोटली..."

"मध्ये बोलू नकोस गं. भिकोबांना चहा ठेव."

तिने चहा ठेवला. "आप्पा, धूर जायला जागाच..."

"गाडी चालू नाही तर धूर कुठला? साखर बेताची घाल हो."

मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा सायलेन्सर बघा ना."

"सायलेन्सर!" दिगंबर खूश झाला. "अगं आई, हिला सायलेन्सर शब्द येतो!" सगळ्यांनी कौतुक केलं. सायलेन्सर कुणीही बघितला नाही.

एव्हाना जंगल गोळा झालं होतं. रेडा म्हणाला, धक्का मारा. कासव म्हणालं, घाई कसली? वाघ म्हणाला, भंगारात द्या. तो वाघ असल्यामुळे सगळे आधी "बरोबर, बरोबर" म्हणाले. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आधी हिला गाडीच्या तोंडासमोरून हलवा," सासूबाई कडाडल्या. "मागे जाऊन उभी राहा. मागे बिघडवण्यासारखं काही नसतं."

शेवंती मागे गेली. वाकली. पोटली दातांत धरली आणि पाय रोवून ओढली.

"शेवटचा सेल्फ मारतो," भिकोबा म्हणाला. खुर्र, खुर्र... धडाम्!

थोरली सून चालू झाली. सोळा दिवसांचा धूर एकदम निघाला आणि सगळाच्या सगळा धाकट्या सुनेच्या तोंडावर बसला.

भिकोबाला हार घातला. त्याच्याजवळ दोन स्क्रू उरले होते. ते दाखवून तो म्हणाला, "या दोघांमुळेच अडलं होतं."

माहेरी आईने लेकीला ओळखलं नाही. पिल्लांनी मात्र वेळेवर डोळे उघडले, काळंकुट्ट तोंड पाहिलं आणि आनंदाने चीं-चीं केलं. ताई काळीच असते, असं त्यांना अजून वाटतं.

घरी नवा नियम झाला. गाडी काढताना शेवंतीने मागे उभं राहायचं. ती राहते. मान खाली घालून राहते. पण नवल असं की, आप्पा पंचायतीला निघाले की खुर्र, खुर्र. शेवंतीला माहेरी न्यायचं असलं की पहिल्याच सेल्फला गाडी तयार.

"जुनी गाडी आहे," भिकोबा म्हणतो. "तिला टेकड्यांची हवा मानवते."

एकदा ओटा पुसताना सासूबाईंना मोहरीचे चार दाणे सापडले. शेवंतीच्या पदराच्या गाठीतून सांडलेले. त्यांनी गाठीतून डोकावणारं काळं फडकं पाहिलं. आपलंच फडकं.

सासूबाईंनी दाणे उचलून परत गाठीत घातले आणि गाठ नीट आवळून दिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझं माहेर तळ्यापलीकडे आहे. अकरा वर्षं झाली जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या सुनेला तळ्याकडची हवाही मानवू लागली.

तात्पर्य : खरं सांगताना कुणी 'चहा ठेव' म्हणालं, तर वाद घालू नये. चहा ठेवावा. खरं पदराला बांधून ठेवावं. तिथे ते जास्त कामाला येतं. गाठ मात्र घट्ट मारावी, आणि ती सुटलीच तर सासूसमोर सुटावी.