डॉक्टर टिपणिसांचे ओले बूट

सौदीतल्या दम्मामच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, भर उन्हाळ्यात स्वतःच्याच पायांवर बाटलीने पाणी ओतत चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डॉ. टिपणीस. आमच्या हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ आणि मी फार्मसीत. राहायची इमारतही एकच, ते माझ्या वरच्या मजल्यावर.

पाण्याचं कारण साधं होतं. डॉक्टर वायकिंग बूट शिवायचे. वायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लोक. त्यांचा बूट आधी उलटा शिवतात, मग भिजवून उशीच्या अभ्र्यासारखा सुलटा करतात आणि ओला असतानाच पायात चढवून चालत सुटतात. वाळता वाळता तो पायाचा आकार घेतो. डेन्मार्कात त्याला अख्खा दिवस लागत असेल. दम्मामात जुलैमध्ये तो फाटकापर्यंत पोचेतो वाळायचा आणि पापडासारखा कडक व्हायचा. म्हणून बाटली.

एकदा गस्तीच्या पोलिसाने गाडी थांबवून तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. डॉक्टरांनी मोडक्या अरबीत सांगितलं, "बूट तहानलेत." पोलिसाने गाडीतली आणखी एक बाटली काढून दिली.

"काळाला धरून नाही" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पँटची झिप काळाला धरून नाही. बटाटा तर मुळीच नाही, वायकिंगांनी तो पाहिलाच नव्हता. हे ते तिसरा बटाटेवडा उचलताना सांगत. मालतीवहिनी एकदा वैतागून मला म्हणाल्या, "भावजी, यांना विचारा, भुलीचं इंजेक्शन काळाला धरून आहे का?" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "नाही. पण पेशंट ऐकत नाहीत."

कातडं ते रत्नागिरीच्या हनीफभाईंकडून घेत. हनीफभाईंचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. गाईचं कातडं घरात आणायला वहिनींची बंदी, म्हणून हनीफभाईंनी हफ्र अल बातिनच्या बाजारातून उंटाचं मागवलं.

"वायकिंगांकडे उंट नव्हते हो," डॉक्टर कळवळले.

"डाक्टर, ते वायकिंग आता तक्रार करायला येणार आहेत काय?" हनीफभाई म्हणाले. "न्या, मऊ आहे."

आता मुद्द्यावर येतो. दम्मामचे जुने मराठी लोक अजून सांगतात की टिपणीस हे बूट गोऱ्या इंजिनियरांना डॉलरमध्ये विकायचे. ती बातमी मीच उठवली होती, एका जेवणात, चार लोक हसावेत म्हणून. डॉक्टरांनी एकही जोड विकलेला नाही. कुणी मागितला तरी देत नसत.

बातमी उठवून माझं भागलं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्यांच्यावर प्रहसन बसवलं. मीच डॉक्टर झालो, पायांवर बाटली उपडी केली आणि एका इंजिनियरला वहाण विकली. हॉल हसून लोळला. डॉक्टरही हसले. नंतर माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाले, "कुलकर्णी, वहाण काळाला धरून नव्हती."

वहिनी मात्र हसल्या नव्हत्या. ताटं वाढायच्या टेबलाशी त्यांनी मला गाठलं. "भावजी, तुम्हाला सायली आठवते ना?"

आठवत होती. त्यांची एकुलती एक मुलगी. शिकायला डेन्मार्कला गेली आणि तिथल्याच एका सुताराशी लग्न केलं. डॉक्टरांना ते पसंत नव्हतं, ते लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून सायलीचा फोन यायचा तो वहिनींना.

"ती आणि जावई दर उन्हाळ्यात आठवडाभर तंबूत राहतात," वहिनी म्हणाल्या. "त्या जुन्या लोकांसारखे. तेच कपडे, तीच चूल. माणसं तिकीट काढून बघायला येतात. हे मागे युरोपात कॉन्फरन्सला गेले होते ना, तेव्हा कुणाला न सांगता तिकडे गेले. तिकीट काढून दोरीच्या बाहेर उभे राहिले. ती आत लोकर कातत होती. तिने यांना बघितलं. आणि सगळ्यांना सांगते तसं इंग्रजीत लोकरीबद्दल सांगितलं. शेवटी विचारलं, काही प्रश्न आहेत का? हे नाही म्हणाले आणि परत आले."

मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

"दोरीच्या आत बसायचं तर त्यांच्या काळातला वेष लागतो. आणि अंगावरची एक तरी वस्तू स्वतःच्या हाताने केलेली. तिथे एक तपासणीस बाई आहेत. सायलीला विचारायचा धीर होत नाही, मग हे त्या बाईंना बुटांचे फोटो पाठवतात. दोनदा नापास झालेत."

पहिला जोड मशीनचा एक टाका सापडला म्हणून गेला होता, दुसरा उंटामुळे. त्या बाईंनी फोटोवरून उंट ओळखला याचं डॉक्टरांना दुःखापेक्षा कौतुक जास्त होतं.

दुसऱ्या दिवसापासून कॉर्निशवर बाटली मी धरू लागलो. का, ते त्यांनी विचारलं नाही. फक्त "डावीकडे जास्त ओता" अशा सूचना करत राहिले. हनीफभाईंनी या वेळी शेळीचं कातडं आणलं, आणि वायकिंगांकडे शेळ्या होत्या ना, याची आधी खात्री करून घेतली.

तिसरा जोड पास झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमधून मला फोन करून एकच शब्द सांगितला आणि ठेवून दिला. उन्हाळ्यात रजा टाकून ते गेले. वहिनी मुद्दाम गेल्या नाहीत.

परतले त्या संध्याकाळी मी वर गेलो. डॉक्टरांचं नाक उन्हाने सोललं होतं. इतकी वर्षं दम्मामात काढून ते डेन्मार्कात सोललं.

"सायली बोलली?" मी विचारलं.

"माझ्याशी फारसं नाही," ते म्हणाले. "मला लाकडं फोडायला बसवलं होतं. लोक दोरीपलीकडून विचारायचे, हा म्हातारा कोण? ती कातता कातता सांगायची, हे माझे वडील. दक्षिणेकडून समुद्रमार्गे आलेत. यायला त्यांना फार वेळ लागला."



"दर थोड्या वेळाने नवी माणसं यायची," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाला ती पहिल्यापासून सांगायची."