निरंककाका

आमच्या गल्लीतल्या दौलतकाकांना "घरात साखर आहे का?" असं विचारलं, तर ते 'नाही' म्हणत नसत, 'संपली' असंही म्हणत नसत. उठून डबा उघडायचे, आत नीट डोकावायचे, झाकण लावायचे आणि सांगायचे, "निरंक."

सरकारी कागदावर जिथे लिहायला काहीच नसतं, तिथे हा शब्द लिहितात. काकांनी चाळीस वर्षं नागपूरच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली लाकडी पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहिले होते. तेवढ्या काळात हा शब्द कागदावरून उठून त्यांच्या जिभेवर येऊन बसला. ताप आहे का? निरंक. पाऊस येईल का? आभाळाकडे बघून, निरंक. आमच्या इतवारीतली पोरं त्यांना तोंडावर दौलतकाका म्हणत आणि पाठीमागे निरंककाका. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

हरकत त्यांची खाडाखोडीला होती. दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्यानं एक काना खोडलेला दिसला, तरी ते रस्ता ओलांडून पलीकडून जात. त्यांचा सगळा धर्म तीन वाक्यांत मावायचा. "रकाना रिकामा सोडाचा नाही. खोटा भराचा नाही. आन् एकदा लिवलं का खोडाचं नाही. खोडलेला अर्ज म्हंजे मेलेला अर्ज."

एकदा खानेसुमारीचे मास्तर आले, तर काकांनी फॉर्म त्यांच्या हातातून काढूनच घेतला. "तुमचं अक्षर कोंबडीवानी हाये मास्तर, तुम्ही चहा घ्या," म्हणाले आणि स्वतःच भरत सुटले. पत्नी, मयत. अपत्ये, निरंक. गुरंढोरं, निरंक. मास्तर चहा पिऊन खुशीत गेले. आई तिथेच उभी होती. घरी येऊन म्हणाली, "पोरंबाळं निरंक लिहिताना पण त्यांचं अक्षर कसं मोत्यासारखं!" मी तेव्हा हसलो होतो. वयच तसं होतं, दुसरं काय.

आता माझी भानगड सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एम.एस्सी. झाल्यावर मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. आमच्या खानदानात तोवर सगळ्यात लांब गेलेला माणूस म्हणजे माझे मामा, आणि ते भुसावळला गेले होते. बाबांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. मग व्हिसाचा फॉर्म आला आणि त्यात एक रकाना निघाला: तुम्हाला कधी अटक झाली आहे काय?

झाली होती ना! त्याचंही मूळ काकाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. मारबत म्हणजे गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा. तिच्यासोबत बडगे असतात, गवताचे आणि कागदाचे मोठाले पुतळे. त्या साली जे काही छळत असेल त्याचा बडग्या करायचा, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. मी कॉलेजात असताना एका वर्षी राकेलचा काळाबाजार फार माजला होता, म्हणून आम्ही काळाबाजारवाल्याचा बडग्या केला. पोट गवताचं, मिशा मक्याच्या कणसाच्या. गळ्यात पाटी, आणि ती पाटी काकांच्या टपोऱ्या अक्षरात: 'काळाबाजार घेऊन जा गे मारबत.' मिशा कोणासारख्या करायच्या असं आमच्या मनात काहीही नव्हतं, शपथेवर सांगतो. पण चौकात ठाणेदारसाहेब उभे होते आणि त्यांच्या मिशा नेमक्या तशाच होत्या. आम्ही कोणाला दाखवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच स्वतःला ओळखलं. बडग्याचे पाय माझ्या खांद्यावर होते, म्हणून मी सापडलो. संध्याकाळी सोडलं, खटला झाला नाही, पण नोंद राहिली.

काका तेव्हा ठाण्याबाहेर दिवसभर उन्हात उभे होते. "पाटी म्या लिवली आन् धरलं याले," असं येणाऱ्याजाणाऱ्या शिपायाला सांगत होते. कोणी त्यांना आत घेईना.

फॉर्म आल्यावर सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला. नाही म्हणून लिही, अमेरिकेला इतवारीतलं काय कळतंय? बाबासुद्धा खालच्या आवाजात तेच म्हणाले. माझंही मन तिकडेच झुकत होतं. मी फॉर्म घेऊन काकांच्या ओट्यावर गेलो, तो फक्त अक्षर चांगलं यावं म्हणून.

"काका, इथं 'नाही' लिवा."

त्यांनी टाक खाली ठेवला. "काहून?"

"व्हिसा नाही भेटणार ना मले!"

"भेटला तरी खोट्या रकान्यावर बसून जाशील काय गा तू इतक्या दूर? उद्या कोणी कागद काढला तर? तिथं तुह्यासाठी ठाण्याबाहेर कोन उभं राहीन?"

मी चिडलो. नको ते बोललो, की तुमच्यामुळेच अटक झाली, आता व्हिसाही तुमच्यामुळेच जाईल. काकांनी टाक उचलून रकान्यात 'होय' लिहिलं. शाईचं होतं, खोडायची सोय नव्हती.

झालं. वकिलातीचं उलट पत्र आलं. मुलाखतीला मुंबईला या. येताना पोलिसांचा कागद, अटकेचा खुलासा आणि चारित्र्याचे दोन दाखले आणा. दाखला देणारा तुम्हाला दहा वर्षं ओळखणारा असावा, नातेवाईक नसावा. एक दाखला माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिला. दुसऱ्या दाखल्याचा फॉर्म काकांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला, तीन दिवस ठेवला आणि पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून परत दिला. खुलासाही त्यांनीच लिहिला, कचेरीतल्या इंग्रजीत.

मुंबईला खिडकीपलीकडे एक गोरा, टकला साहेब होता. तो खुलासा वाचू लागला आणि वाचता वाचता त्याच्या भुवया वर चढत गेल्या. कागद वाया घालवणं काकांना मंजूर नव्हतं, त्यामुळे पहिलं पान शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं होतं. त्या ओळीचं मराठी करायचं तर असं: 'सदर अर्जदार एका इसमास खांद्यावर घेऊन भर रस्त्याने जाळण्यास नेत होता.' पुढे पान संपलं.

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, पान उलटा!"

दुसऱ्या पानावर होतं: 'सदर इसम गवताचा होता. ठाणेदारसाहेबांनी सदर इसम म्हणजे आपणच, असा गैरसमज करून घेतला.'

खाली मारबतीची सगळी हकिकत होती. साहेब आधी गालात हसला, मग मोठ्यानं. "आणि त्या बाईनं काळाबाजार नेला का?"

"नाही साहेब. ती नुसता खोकला घेऊन गेली."

माझ्या जिवात जीव आला. मग त्यानं डिंकाचं पाकीट फोडलं, दाखला वाचला आणि बोट एका जागी ठेवून कागद माझ्याकडे फिरवला. "हे का भरलेलं नाही?"

अर्जदाराशी नाते. रकाना रिकामा होता. साधी रेघसुद्धा नव्हती. कोपऱ्यात शाईचा एक ठिपका होता, टाक टेकवून बराच वेळ कोणी थांबल्यासारखा.

ज्या माणसानं स्वतःची अपत्ये मोत्यासारख्या अक्षरात निरंक लिहिली, त्याला हा एक शब्द तीन दिवसांत लिहवला नव्हता. आणि मी त्याला काय काय बोललो होतो!

"हे तुमचे नातेवाईक आहेत का?" साहेबानं विचारलं. "तसं असेल तर हा दाखला मला चालणार नाही."

"नाही," मी म्हणालो. "शेजारी आहेत."

"मग तुम्हीच भरा." त्यानं पेन पुढे केलं.

मी लिहिलं, 'निल'. इंग्रजीतलं निरंकच ते. इतकं खरं आणि इतकं खोटं मी एकाच शब्दात पुन्हा कधी लिहिलं नाही. व्हिसा मिळाला.

नागपूरला आलो तो घरी जायच्या आधी काकांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी पासपोर्टावरचा शिक्का चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. खाडाखोड नव्हती. मग शिक्क्यावरची नजर न काढता म्हणाले, "रकाने सगळे पाहिले काय त्यानं?"

"पाहिले. एक रिकामा होता काका. मलेच भराले सांगतला."

"मंग? काय लिवलं तू?"

"पुतण्या."

नातेवाइकाचा दाखला चालत नाही, ही सूचना काकांनी माझ्याआधी वाचली होती. पुतण्या लिहिलं असतं तर हा शिक्का बसला नसता, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं कळत होतं. त्यांनी पासपोर्ट मिटला, धोतराच्या सोग्यानं पुसला, माझ्या हातात दिला आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

"खोटं लिवाले नोको होतं गा," ते म्हणाले. "पण आता लिवलंच हायेस, तर खोडू नोको."