भिंगारदिव्यांचं ग्रीकांशी वैर

पाण्याच्या टँकरसमोर बादली घेऊन उभं असताना शेजारच्या माणसाने तुम्हाला विचारलं, "काय हो, झ्यूसचं वागणं तुम्हाला पटतं का?" तर तुम्ही काय उत्तर द्याल? मी म्हणालो, "कोण? कितव्या मजल्यावर राहतात?"

एलिया भिंगारदिवे यांची आणि माझी ओळख ही अशी झाली. नोएडाच्या आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा इमारती आधी आल्या होत्या आणि पाणी, रस्ते, दुकानं मागून येणार होती. गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या, खाली मारुत्या वाढत होत्या, आणि संध्याकाळी वीज गेली की सगळा सेक्टर बाल्कनीत येऊन "लाइट कब आएगी यार" एवढंच बोलत असे. अशा ठिकाणी मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून मला आनंद झाला होता. तो आनंद टँकरचं पाणी संपेपर्यंत टिकला.

भिंगारदिवे मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे धर्मोपदेशक. कोणी गोरा साहेब मायदेशी परत जाताना जाडजूड इंग्रजी ग्रंथांची एक पेटी त्यांच्या घरी टाकून गेला होता. पहिल्या दोन-तीन शतकांत जे ख्रिस्ती पंडित रोमन आणि ग्रीक लोकांशी त्यांच्या देवांवरून, म्हणजे झ्यूस वगैरे मंडळींवरून भांडले, त्यांचे ते वाद. इतर मुलं विटीदांडू खेळत होती तेव्हा एलिया ते वाचत होता. पुढे तो टीव्हीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागला, दिल्लीला आला, केस पिकले. पण डोक्यातलं ते भांडण काही मिटलं नाही. रोमचं साम्राज्य बुडालं आहे ही बातमी त्यांना कोणी नीट सांगितलीच नव्हती.

"मुद्दा समजून घ्या," ते म्हणायचे. "एकाच झाडाचं लाकूड. अर्ध्याचा सुताराने केला देव, अर्ध्याचं केलं स्टूल. आता स्टुलाने काय गुन्हा केला?" आणि लगेच दोन्ही हात वर करून, "हे मी रोमबद्दल बोलतोय हं, सेक्टरबद्दल नाही!"

हे शेवटचं वाक्य ते कधी विसरले नाहीत. सोसायटीच्या मंदिराला त्यांनी बिनतक्रार वर्गणी दिली, वर जागरणाला जाऊन ढोलकीच्या तालावर मानही हलवली. मी एकदा मुद्दाम डिवचलं, "आमच्या देवांबद्दल नाही बोलत तुम्ही?"

"छे! जिवंत माणसांच्या देवांवर कशाला बोलायचं? कोणाची तरी आई घरात दिवा लावत असते. झ्यूससाठी आता कोणाची आई दिवा लावत नाही. त्याच्याशी मोकळेपणी भांडता येतं."

त्यांच्या स्वतःच्या चर्चच्या मंडळीतही या विषयाला गिऱ्हाईक नव्हतं. पाळकांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "ब्रदर, ये केस तो हम कब का जीत चुके." बायको मस्कतला नर्स होती, वर्षातून एकदा यायची. कारखाना परदेशी कंपन्यांपुढे टिकला नाही, त्यामुळे भिंगारदिवे मोकळे झाले. म्हणजे युक्तिवाद तयार, वकील तयार, आणि समोर कोणी नाही.

समोरचा आमच्या घरातून मिळाला. माझे वडील.

अण्णा साताऱ्याला संस्कृतचे शिक्षक होते. आई गेल्यावर मी त्यांना नोएडाला आणलं. ते आले, खिडकीजवळच्या पलंगावर बसले आणि बोलायचे थांबले. मी मॅनेजर झालो तेव्हा म्हणाले, "बरं झालं." मी मारुती घेतली तेव्हाही म्हणाले, "बरं झालं." रोज सकाळी भिंतीवरच्या आईच्या फोटोशी मात्र पुटपुटत काहीतरी बरंच बोलायचे. खरं सांगायचं तर मला त्या फोटोचाही हेवा वाटे.

एकदा भिंगारदिवे प्लंबरचा पत्ता विचारायला आले आणि सवयीने अण्णांना म्हणाले, "गुरुजी, आपलं झ्यूसबद्दल काय मत आहे?"

मी डोळे मिटून घेतले. अण्णांनी उघडले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण त्याच्या बाजूने कोणी आहे का इथे?"

"इथे? कोणीच नाही, गुरुजी."

"मग ते योग्य नाही. आरोपीला वकील पाहिजे. मी होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला हाक मारून सांगितलं की रविवारी दरियागंजच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात तिथे जा, ग्रीक लोकांवर काय मिळेल ते उचलून आण, टाइप बारीक नको. कित्येक महिन्यांत ते माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. आणि ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी भिंगारदिवे कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, अशा थाटात यायचे. मी ऑफिसातून परतलो की जिन्यातूनच दोघांचे आवाज ऐकू येत.

"अहो गुरुजी, जो देव बैल होऊन मुली पळवतो, त्याची पूजा करून पोरांनी शिकायचं काय?"

"ते रूपक आहे हो!"

"पकडलं गेलं की सगळे रूपकच म्हणतात!"

अण्णा हसायचे. माझे वडील, मोठ्यांदा! मी दारात बॅग घेऊन उभा, आणि ते दोघे माझ्याकडे दूधवाल्याकडे बघावं तसं बघून पुढे चालू.

"मूर्तीच्या पोटात उंदीर बिळं करतात, गुरुजी. उंदरांना कळतं ते माणसांना कळू नये?"

"उंदराला बरोबर कळतं! सगळ्यात सुरक्षित जागा कुठली ते."

"बरं, तत्त्वज्ञ घ्या. एक म्हणतो जग पाण्यातून झालं, दुसरा म्हणतो अग्नीतून, तिसरा म्हणतो हवेतून. तिघांचं एकमेकांशी पटत नाही आणि हे आम्हाला शहाणपण शिकवणार!"

"नोएडात तुमची चर्चं किती आहेत?"

"चार."

"एकमेकांशी पटतं?"

भिंगारदिव्यांनी बोटांवर चारही चर्चं मोजली. मग म्हणाले, "चांगला मुद्दा आहे. चहा आहे का?"

माझी बायको नीला आलं घालून चहा करायची. आलं फक्त भिंगारदिव्यांसाठी. आमची पिंकी अभ्यास सोडून जमिनीवर मांडी घालून ऐकायची. "अंकल, झ्यूस गंदा आदमी था?" असं विचारून दोघांनाही खूष करायची. माझ्या ऑफिसातल्या गोष्टी मी जेवताना सांगितल्या की हीच पिंकी म्हणायची, "पापा, बोर हो रहा है."

"तुम्हीही काढा की एखादा विषय," नीला म्हणाली.

मी काढला. शेअर बाजाराचा. अण्णा बसल्या बसल्या झोपले. मग मी ऑफिसातल्या लंच टाइममध्ये चोरून ग्रीकांबद्दल वाचलं आणि एका रविवारी सकाळी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "अण्णा, त्यांचा तो दारूचा देव होता ना, त्याच्याबद्दल मला असं वाटतं..."

"हं, चांगला आहे," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी भिंगारदिव्यांना विचारू."

एकदा भिंगारदिवे नुसते पेरू घेऊन आले. पेरू! अण्णांनी त्या पेरूवरून साताऱ्याच्या घरामागची बाग, आजोबांचा स्वभाव, लहानपणी खाल्लेला मार, सगळं सांगितलं. मी चाळीस वर्षं त्यांचा मुलगा. आजोबा मारायचे हे मला भिंगारदिव्यांच्या पेरूमुळे कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

आणि मग जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी अण्णा पलंगावरून उठताना पडले. अर्धांग. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डोळे लख्ख होते, डावा हात चालत होता, बाकी शांत. डॉक्टर म्हणाले, "समझते सब हैं. बात करते रहिए."

पण काय बोलायचं? मी पलंगाशी बसायचो आणि म्हणायचो, "अण्णा, आज थंडी आहे." ते बघायचे. "उद्याही राहील." ते खिडकीकडे बघायचे.

चौथ्या दिवशी बूट वाजले. भिंगारदिवे आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हे रडतील. त्यांनी घसा साफ केला.

"मुद्दा समजून घ्या, गुरुजी. रोमन लोक देवळाला कुलूप लावत, बाहेर पहारेकरी ठेवत. ज्याला चोरांपासून सांभाळावं लागतं, तो आपल्याला कसा सांभाळणार?" मग ते खुर्चीवरून उठले, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि अण्णांचा तो मास्तरी आवाज काढून म्हणाले, "अहो भिंगारदिवे, झोळीतल्या बाळालाही आपण सांभाळतो. म्हणून ते काय कमी दर्जाचं झालं? ज्याच्यावर जीव असतो त्याला माणूस सांभाळतोच!"

अण्णांचा डावा हात उठला आणि गादीवर आपटला. बरोबर!

मी पॅसेजमध्ये उभा राहून ऐकत होतो. हा माणूस रोज यायचा, या खुर्चीतून त्या बाजूला आणि त्या बाजूकडून या खुर्चीत फेऱ्या मारायचा. आणि गंमत अशी की अण्णा बोलत होते तेव्हा जो कधी हार मानत नसे, तो आता रोज हरत होता. ग्रीकांच्या बाजूचं असं काही बोलायचा की खुद्द ग्रीकांना सुचलं नसतं.

"तुम्ही हल्ली हरता," मी जिन्यात म्हणालो. बोलण्यात थोडा खवचटपणा होता.

"त्यांची बाजू मांडायची तर नीट मांडायला नको?" ते म्हणाले. "समोरचा गप्प आहे म्हणून जिंकायचं, ते मला जमणार नाही."

माझ्या आतली आग आणखी वाढली. आता हा माणूस मोठ्या मनाचाही निघाला होता.

एका संध्याकाळी ते गळ्याला मफलर गुंडाळून आले. आवाज बसलेला. खुर्चीत टेकले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सुधीरराव, माझ्याने दोन्ही बाजू होणार नाहीत. गुरुजींची बाजू आज तुम्ही घ्या."

"मला काय येतंय त्यातलं?"

"येईल तसं बोला. मी सुरुवात करतो. मूर्ती म्हणजे शेवटी दगड. त्याच्याशी बोलणारा माणूस दगडाशी बोलतो. त्याला काही ऐकू जात नाही. यावर काय म्हणणं आहे?"

मी उभाच होतो. अण्णा माझ्याकडे बघत होते. मारुतीची किल्ली दाखवली तेव्हाही त्यांनी असं बघितलं नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं.

"समोर आईचा फोटो आहे," मी म्हणालो. "अण्णा रोज सकाळी तिच्याशी बोलायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. शब्द कळायचे नाहीत, पण ऐकायचो. ते काय कागदाशी बोलत होते, भिंगारदिवे? कागद आहे हे त्यांना माहीत नव्हतं? ते आईशीच बोलत होते. तिला ऐकू जात होतं की नाही ते मला माहीत नाही. पण... पण मला जात होतं."

अण्णांचा हात गादीवर आपटला नाही. तो सरकत सरकत आला आणि माझ्या मनगटावर बसला. चांगलाच घट्ट.

"हरलो," भिंगारदिवे म्हणाले आणि उठले. "घशाला आराम देतो जरा दोन दिवस."

ते गेल्यावर नीला पदराने डोळे पुसत म्हणाली, "घसाबिसा काही बसलेला नाही त्यांचा. वर येताना जिन्यात चांगलं खणखणीत गात होते."

दोन दिवसांचे आठ झाले. भिंगारदिवे आले नाहीत. मी खूष होतो. ऑफिसातून लवकर येऊ लागलो, खुर्चीत बसू लागलो, अण्णांशी बोलू लागलो. आईबद्दल, साताऱ्याबद्दल. ते मनगट धरायचे. पण संध्याकाळ झाली की त्यांचे डोळे दाराकडे जायचे. मग मी ग्रीक काढायचो, एकट्याने दोन्ही बाजू मांडायचो, आणि ते ख्रिस्ती पंडित माझ्या तोंडून इतके मूर्खासारखे बोलायचे की अण्णा मान फिरवायचे. आठव्या दिवशी मी खुर्चीत बसलेलो असताना त्यांनी गादीवर हात आपटायला सुरुवात केली. थांबेनात. एक बोट माझ्याकडे होतं. खुर्चीकडे, खरं तर.

मी खुर्ची रिकामी केली आणि खाली गेलो.

भिंगारदिव्यांनी दार उघडलं. घरात टीव्ही बंद, रेडिओ बंद. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले, पायांत बूट.

"कुठे निघालात का?" मी विचारलं.

"नाही, कुठे नाही." त्यांनी बुटांकडे पाहिलं, जरा ओशाळले. "या वेळेला तयार व्हायची सवय लागली आहे. होतो तयार आणि बसतो. मग थोड्या वेळाने काढतो."

"वर का येत नाही?"

"आता तुम्ही बसता ना त्यांच्याजवळ. मुलगा बसला असताना मध्ये तिसऱ्याने कशाला?" ते थांबले. "माझे वडील गेले तेव्हा मी इथे टीव्ही तपासत होतो, सुधीरराव. ती पेटी त्यांनी सांभाळली होती. त्यांच्याशी यातलं काही बोलायचं राहूनच गेलं."

मी जिन्याकडे बोट केलं.

"अण्णा बोलावताहेत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बोलले?"

"नाही. गादीवर हात आपटताहेत. मी तुमची बाजू मांडत होतो."

"माझी? काय मांडलंत?"

मी सांगितलं. भिंगारदिव्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, असं नाही ते! सगळं उलटं केलंत तुम्ही! त्यांना काय वाटलं असेल माझ्याबद्दल?"

दार ओढून घेत ते निघालेसुद्धा. जिन्यात ते पुढे, मी मागे. मला पुन्हा पहिल्यासारखाच हेवा वाटत होता. आमचा मजला यायच्या आधीच त्यांनी मोठ्यांदा सुरुवात केली, "गुरुजी, यांचं काही ऐकू नका, मूळ मुद्दा समजून घ्या..." आणि वरून येणारा हात आपटल्याचा आवाज थांबला.